लॉन बॉल्स खेळणाऱ्या मुलीला पुढे कोचिंगमध्ये वाव आहे का? (बडोदा)

कारेलीबागची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, चार पिढ्या इथेच. मुलगी एम. एस. युनिव्हर्सिटीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब करायची, मग शाळेकडून खो-खो. गुडघा दुखावल्यापासून उड्या आणि धावपळ बंद आहे. आता डोक्यात लॉन बॉल्स शिरलंय. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ गेम्समध्ये आपल्या चौघींनी सोनं आणलं, तेव्हापासून त्याचे व्हिडिओ बघत बसते. त्यात २०३० चे कॉमनवेल्थ गेम्स अहमदाबादला ठरले आणि हा खेळही त्यात आहे म्हटल्यावर तर विचारूच नका.

सासरे म्हणतात, "गोट्या खेळायला आता क्लास लावायचा का?" ह्यांचं म्हणणं, खेळू दे, पण पोटापाण्याचं काय ते आधी विचारून घे. मुलीचं उत्तर तयार आहे: खेळून झालं की कोच होईन. हातात बॉल यायच्या आधीच कोच व्हायचं ठरलंय, यावर हसावं की रडावं कळत नाही! पण प्रश्न काही खोटा नाही. या खेळात देशाकडून खेळून पुढे कोच झालेलं इथे कोणी आहे का? निदान जवळून पाहिलेलं? ते आयुष्य कसं असतं, पैसे मिळतात का, दुखऱ्या गुडघ्याला झेपेल का, हे कोणी आडपडदा न ठेवता सांगितलं तर उपकार होतील.

मांडवी_कट्टा

काकू, बडोद्यात खेळाडूचा कोच झाला म्हटलं की अंशुमन गायकवाड. ४० टेस्ट, जालंधरला पाकिस्तानविरुद्ध २०१, आणि पुढे भारताच्या टीमचे कोच. पण त्यांच्यामागे क्रिकेट होतं, घरात वडील दत्ताजीराव १९५९ च्या इंग्लंड दौऱ्याचे कॅप्टन होते. लॉन बॉल्समागे कोण उभं आहे? सरळ बँकेच्या परीक्षेला बसवा. हा तसाही म्हाताऱ्यांचा खेळ, रिटायर झाल्यावर सावकाश खेळता येईल.

लीड_मावशी

कारेलीबागच्या ताई, तुमचा प्रश्न मला भाचीने पाठवला. मी मूळची वाडीतली. लग्नानंतर ह्यांच्या नोकरीपायी हाँगकाँगला गेले आणि मधली सगळी वर्षं तिकडेच गेली. तिथल्या इंडियन रिक्रिएशन क्लबात हा खेळ शिकले. १९१७ सालचा क्लब आहे, कॉजवे बेच्या मागच्या अंगाला. सिंधी, पंजाबी, पारशी बरेच, मराठी आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुढे तिथल्या संघातून बाहेरच्या देशांत जाऊन खेळले, आणि गुडघ्यांनी (हो, माझेही गुडघेच) हात टेकल्यावर कोचिंगला लागले. आता परत बडोद्यात आहे. तेव्हा तुमच्या प्रश्नाला मला लिहिणं भागच आहे.

आधी मांडवीवाल्या भाऊंचा समाचार घेते. बर्मिंगहॅमला पॅरा गटात स्कॉटलंडच्या रोझमेरी लेंटन यांनी ७२ व्या वर्षी सोनं जिंकलं आणि जॉर्ज मिलर यांनी ७५ व्या वर्षी. म्हणजे म्हातारे खेळतात हे खरंच आहे, त्यात लाजायचं काय? पण मिलर यांची गंमत पुढे आहे. त्यांनी स्वतः बॉल टाकलाच नाही. ते 'डायरेक्टर' होते. ज्या खेळाडूची दृष्टी अधू आहे तिला जॅक (ज्याच्याजवळ बॉल न्यायचा तो छोटा चेंडू) कुठे आहे, बॉल किती लांब राहिला, पुढचा कुठून काढायचा, हे सांगणारा माणूस. पदक दोघांनाही मिळतं. कोचिंग म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी हाच दाखला देते.

तुमच्या सासऱ्यांसाठी थोडं खेळाबद्दल. गोटी सरळ जाते, हा बॉल जात नाही. वजन दीड किलोच्या घरात, आणि घडणच अशी की एका अंगाला तो किंचित झुकतो. वेगात असेपर्यंत बरा जातो, वेग मरायला लागला की त्या अंगाला वळतो. याला बायस म्हणतात. बॉलवर दोन्ही बाजूंना चिन्हं असतात, एक छोटं, एक मोठं. छोट्या चिन्हाची बाजू आत, म्हणजे बॉल जिकडे वळायला हवा तिकडे धरायची. उलटी धरली तर बॉल आपल्या जॅककडे न येता शेजारच्या पट्टीत पाहुणा म्हणून जातो, आणि सगळे हसतात. जॅक म्हणजे पलीकडे ठेवलेला छोटा पांढरा किंवा पिवळा चेंडू, निदान २३ मीटर लांब. आपले बॉल त्याच्या जवळ नेऊन थांबवायचे, एवढाच खेळ. नियम पंधरा मिनिटांत कळतात. हात बसायला वर्षं जातात.

आता तुमच्या मुद्द्यावर येते. हा खेळ चौघींचा असला की प्रत्येकीचं काम ठरलेलं असतं. लीड मॅट (जिच्यावर उभं राहून बॉल टाकायचा ती चटई) ठेवते, जॅक टाकते, पहिले दोन बॉल टाकते. मग सेकंड. तिसरी मोजमाप बघते आणि स्किपला, म्हणजे कर्णधाराला, सल्ला देते. स्किप शेवटी टाकते, पण तोपर्यंत ती पलीकडच्या टोकाला, जॅकपाशी उभी असते. तिथून हाताच्या खुणा करते: इकडून काढ, एवढा बाहेर, दोन फूट कमी, तो समोरचा बॉल उडव. बाकीच्या तिघींना दिसत नाही ते तिला दिसतं. म्हणजे स्किप खेळता खेळताच कोचिंग करत असते. बर्मिंगहॅमला आपली स्किप रूपा रानी तिर्की होती, लीड लवली चौबे, मध्ये पिंकी आणि नयनमोनी सैकिया. फायनल तुमच्या मुलीने बघितलीच असेल. आधी आपण ८–२ ने पुढे, मग दक्षिण आफ्रिकेने गाठलं, आणि तिथून सावरून शेवट १७–१०. अशा वेळी स्किपचा चेहरा बघायचा, बॉल नाही. तिचे खांदे पडले की तिघींचे हात आखडतात.

माझा अनुभव असा की चांगली स्किप झाली तर कोच व्हायला फारसं नवीन शिकावं लागत नाही. लीडचं तसं नाही, आणि मी आयुष्यभर लीड! दोन बॉल जॅकला चिकटवायचे आणि बाजूला व्हायचं. हात होता, पण हाताला काय कळतं ते तोंडाने सांगता येत नव्हतं. क्लबाने नवशिक्या बायका माझ्या हाती सोपवल्या तेव्हा एका जुन्या स्किपने मला तयार केलं. पोस्टातून रिटायर झालेला चिनी गृहस्थ, बोलणं कमी. त्याची अट एकच. पहिला महिना बॉलकडे बघायचं नाही. बॉल हातातून सुटला की तो काही ऐकत नाही, मग त्याच्याकडे बघून काय मिळवायचं? मॅटच्या मागे उभं राहायचं आणि टाच, खांदा, हनुवटी बघायची.

त्याने एक वही करायला लावली. प्रत्येक बॉलपुढे दोन अक्षरं: लांबीला 'क' नाहीतर 'ज', म्हणजे कमी, जास्त, रेषेला 'आ' नाहीतर 'बा', म्हणजे आत, बाहेर. एका मुलीच्या नावाखाली पानभर 'आ' आले. सगळे बॉल अरुंद, सगळे जॅकच्या आतून निघून जायचे. तिला सगळे सांगत होते, आणखी बाहेर टाक. ती टाकायचा प्रयत्न करायची, आणि पुन्हा आत. मागून बघितलं तर बॉल सुटायच्या क्षणी तिची हनुवटी जॅककडे वळत होती, हनुवटीमागून खांदा, खांद्यामागून हात. मी जाऊन जॅकवर हिरवा रुमाल टाकला. बघायला जॅकच नाही म्हटल्यावर मान जागची हलेना. तिला बॉल जिथून वळायला लागतो ती जागा दाखवली, तिथे कागदाची चकती ठेवली, म्हटलं, या चकतीवरून न्यायचा, पुढचं तो बघून घेईल. त्या आठवड्यात पानावर 'क' आणि 'ज' बरेच आले, 'आ' जवळपास संपले. लांबीचं दुखणं वेगळं, ते नंतर.

लांबीवरून आठवलं. ग्रीनचा, म्हणजे खेळायच्या मैदानाचा, वेग सेकंदांत मोजतात: बॉल सुटल्यापासून साधारण २७ मीटरवर थांबेपर्यंत किती वेळ लागला. सेकंद जास्त, तर ग्रीन फास्ट. ऐकायला उलटं वाटतं, पण फास्ट ग्रीनवर बॉल हळूच सोडावा लागतो, म्हणून त्याला पोचायला वेळ लागतो आणि तो वळतोही भरपूर. इंग्लंडचं गवत जड, तिथे दहा-बारा सेकंद. न्यूझीलंडला सतरा-अठरा सहज. घोटलेल्या शहाबादी लादीवरून गोधडीवर यावं एवढा फरक. इकडचा चॅम्पियन तिकडे पहिले दोन दिवस नवशिका दिसतो. देशाच्या संघाच्या कोचची निम्मी हुशारी यात जाते की पुढच्या स्पर्धेचं ग्रीन कसं असेल आणि त्याची तयारी घरी कशी करून घ्यायची. ग्लासगो २०२६ च्या कॉमनवेल्थचे सामने तर हॉलमध्ये, कार्पेटवर. गवतावर वाढलेल्या मुलींना ते वेगळंच जग आहे.

खेळाडूचा कोच झालेलं मोठं नाव हवं असेल तर ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह ग्लासन. २००४ ला जगज्जेते झाले, नंतर ऑस्ट्रेलियाच्याच संघाचे कोच. पण त्यांच्याकडे बघून गणित मांडू नका. गल्लोगल्ली क्लब असलेला तो देश आहे, तिथेही पूर्णवेळ पगारी कोच थोडेच. बाकीचे माझ्यासारखे: चहा-बिस्किटं, क्लबाची टोपी, वर्षाच्या शेवटी एक जेवण. मी कोचिंगवर घर चालवलेलं नाही, ह्यांच्या पगारावर चालवलं. आडपडदा नको म्हणालात म्हणून सांगितलं.

आपल्याकडे पैसा येतो तो नोकरीतून. २०२२ ला सोनं जिंकलं तेव्हा लवली चौबे झारखंड पोलिसांत होती, नयनमोनी आसामच्या वनखात्यात, पिंकी दिल्लीत शाळेत खेळाची शिक्षिका. नयनमोनी आणि पिंकीला पुढे अर्जुन पुरस्कारही मिळाले. आणि यांच्यातलं कोणीही लहानपणापासून लॉन बॉल्स खेळत नव्हतं. लवली धावायची, नयनमोनी वेटलिफ्टिंग करायची. लवलीला या खेळात ओढणारे रांचीचे मधुकांत पाठक तर मुळात क्रिकेटचे अंपायर! तेव्हा मल्लखांबवाली मुलगी उशिरा आली म्हणून काही बिघडत नाही. उलट मल्लखांबाने तोल आणि पकड आयती दिलेली असते.

गुडघ्याचं मात्र डॉक्टरांना विचारा. टाकताना पुढचा पाय टाकून वाकावं लागतं, दिवसभरात कितीतरी वेळा. इंग्लंडचे डेव्हिड ब्रायंट, तोंडात पाइप धरून खेळणारे, उकिडवे बसून सुरुवात करायचे. ते बघायला छान, तुमच्या मुलीने तसं करू नये. उभ्यानेच एक पाऊल पुढे टाकून शिकवता येतं. अगदीच वाकता येत नसेल त्यांना बॉल धरायची काठी वापरायला परवानगी आहे, पण या वयात तिच्यावर जाऊ नये असं माझं मत.

आणि मैदान. परत आल्यावर मी बडोद्यात सपाट जागा शोधत फिरले. एक अशी सापडली की डोळ्यांत पाणी यायचं बाकी. पण नवरात्र आलं, तिथे गरबा झाला, आणि दहाव्या दिवशी मी तो नाद सोडला. बडोद्यात गरब्याशी भांडणं कोणाच्या बापाला जमलेलं नाही. आता सोसायटीच्या हॉलमध्ये कार्पेटची लांब पट्टी अंथरते आणि चार-पाच जणांना शिकवते.

मांडवी_कट्टा

मावशी, माघार. पण एक विचारतो. तुम्ही लीडला कोच होणं अवघड म्हणताय. मग काकूंच्या मुलीने पहिल्या दिवसापासून स्किपच व्हायचं का?

लीड_मावशी

स्किप कोणी होत नसतं, संघ करतो. आधी दोन बॉल जागेवर टाकता यायला हवेत, नाहीतर तिच्या खुणा बघतंय कोण? तिने लीड म्हणून सुरुवात करावी आणि लवकर तिसऱ्या जागेवर यावं. तिथे टेप हातात येते, कोणाचा बॉल जवळ ते ठरवावं लागतं, स्किपशी वाद घालावा लागतो. वाद घालणाऱ्या मुली पुढे बऱ्या कोच होतात, हे मी पाहिलंय. अंपायरची परीक्षाही देऊन ठेवावी. नियम पाठ असलेल्या कोचला कोणी गुंडाळू शकत नाही.

देसर_रोड

शिक्षणाचं मी सांगतो, मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. ताई, बी.कॉम. सोडवू नका, पदवी हातात असू दे. नंतर बी.पी.एड. करता येतं, आणि त्यासाठी लांब जायला नको, स्वर्णिम गुजरात स्पोर्ट्स युनिव्हर्सिटी आपल्याच जिल्ह्यात देसरला आहे. शाळेतल्या नोकरीला ते लागतं. मावशींनी पिंकीचं उदाहरण दिलंय तोच रस्ता सगळ्यात पक्का: पगार शाळेचा, खेळ आपला. खेळाडूंच्या कोट्याच्या भरतीत मात्र कुठली स्पर्धा आणि कितवा नंबर धरतात हे जाहिरात बघूनच ठरतं. दरवेळी खेळांची यादी नीट वाचा. माझ्या एका विद्यार्थ्याचा अर्ज त्याचा खेळ यादीत नाही म्हणून परत आला होता, मेडल असून. सर्टिफिकेट मान्यताप्राप्त संघटनेचंच हवं, कुठल्याही 'ओपन नॅशनल'चं नको. हल्ली त्यांचं पेव फुटलंय, पैसे घेऊन मेडल वाटतात.

कारेलीबागची_आई

मावशी, दादा, किती लिहिलंत, मनापासून आभार. मुलीने मावशींचा मजकूर आजोबांना मोठ्याने वाचून दाखवला. गरब्याशी आल्यावर ते हसले, बाकी मत राखून ठेवलंय. दोन शंका आहेत. बॉलचा सेट महाग असतो असं ती म्हणते, सुरुवातीलाच घ्यावा लागतो का? आणि २०३० पर्यंत तिचं काही होईल का? खरं सांगा.

लीड_मावशी

सेट अजिबात घेऊ नका. चार बॉलचा चांगला सेट परदेशातून येतो, ऑस्ट्रेलियाचे हेन्सेलाइट, ग्लासगोचे टेलर, आणि किमतीत एखादी जुनी स्कूटर येईल. शिवाय साइज असते. हाताचे अंगठे आणि मधली बोटं जोडून बॉलच्या कंबरेभोवती पोचतात का ते बघतात, आणि मग बॉल धरलेला हात थोडा वेळ उलटा करून बघायचा, निसटतो का. मुलींचा हात बहुतेक शून्य ते दोन नंबरात बसतो. कोणी ऑनलाइन जुना सेट स्वस्तात देत असेल तर त्यावरचा मान्यतेचा शिक्का आणि साल बघा. मोठ्या स्पर्धेत मुदत संपलेल्या शिक्क्याचे बॉल चालत नाहीत, आणि विकणारा ते सांगत नाही.

२०३० चं खरं सांगते. घरच्या मैदानावर चौघींत जागा मिळवायला आज रांची, दिल्ली, आसामच्या मुली ज्या ग्रीनवर रोज खेळतायत तिथे तिला जावं लागेल. सोसायटीच्या हॉलमधून भारताच्या संघात कोणी जात नाही. पदवी झाल्यावर वर्षभर तिकडे राहायची तुमची तयारी असेल तर बोलू. तोपर्यंत अहमदाबादला राज्याचे सामने असले की बघायला नेत जा, सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत येता येतं. खेळाडू नाही झाली तरी २०३० ला तिथे मार्कर (एकेरीच्या सामन्यात मैदानावर मदत करणारे) लागतील, स्कोअर लिहिणारे लागतील, मोजमापाला माणसं लागतील. एवढ्या जवळून मोठा खेळ बघायला मिळणं हेच कोच व्हायचं पहिलं शिक्षण. मला हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पार्कात सार्वजनिक ग्रीनच्या कठड्याला टेकून ते फुकट मिळालं. (आणि आपल्या मुलींनी सोनं घेतलं ते लीमिंग्टनचं ग्रीनही व्हिक्टोरिया पार्कच. राणीने बागा बऱ्याच ठेवल्यात.)

येत्या रविवारी तिला हॉलवर पाठवा, पत्ता वेगळ्या निरोपात देते. माझ्याकडे एक नंबरचा जुना सेट आहे. सपाट तळाचे बूट घालून यायचं, टाच किंवा खाचा असलेले नकोत, कार्पेट फाटतं. आणि आजोबांना घेऊन या. दोन बॉल टाकून बघू देत, गोट्यांचा हात असेल तर कामाला येईल.

मांडवी_कट्टा

मावशी, मीही येऊ का? बूट आहेत.

लीड_मावशी

ये. कार्पेट गुंडाळायला माणूस हवाच होता.